मुक्कामाची कैद

संपदा देवस्थळी बारा वर्षं माझी शेजारीण होती. जपानमध्ये कोबे शहराच्या कितानो भागात, डोंगराच्या अंगाला चढत जाणाऱ्या एका गल्लीत आमची इमारत होती. ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी नवीन असताना प्लास्टिकच्या दिवशी काचेच्या बाटल्या खाली ठेवून आले, तेव्हा ती माझी पिशवी उचलून परत घेऊन आली आणि तिने कुठला कचरा कुठल्या वारी ते फ्रीजवर लावायला स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. त्या दिवसापासून आमची ओळख. पुढचं सगळं तिनेच मला वेळोवेळी सांगितलं, काही हसत, काही मान खाली घालून.

ती २००६ साली टोकियोला आली. नवरा राजीव बँकेत, तीन वर्षांचं पोस्टिंग, पुढे दोनदा वाढलेलं. मुलगी कस्तुरी तीन वर्षांची. संपदा मूळ पुण्याची. लग्नाआधी एका कंपनीत एक्स्पोर्टची कागदपत्रं करायची. टोकियोत इतर बायका भिशी आणि सहली करत होत्या, तेव्हा ती वॉर्ड ऑफिसच्या फुकट वर्गात जाऊन जपानी शिकली. राजीव म्हणायचा, तीन वर्षांसाठी कशाला एवढी मेहनत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गाला जायची.

मार्च २०११ मध्ये भूकंप झाला आणि पाठोपाठ फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या. बँकेने कुटुंबांना टोकियोबाहेर काढलं. बरेच जण भारतात परतले. संपदा कस्तुरीला घेऊन आठवड्यासाठी म्हणून कोबेला आली, ओळखीच्या लीलावतीबेनकडे. लीलावतीबेनचे यजमान मोत्यांचे व्यापारी, दोन पिढ्या कोबेत. त्यांच्या ओळखीच्या एका मोत्यांच्या पेढीत परदेशी गिऱ्हाइकांची कागदपत्रं करणारी मुलगी त्याच आठवड्यात मायदेशी निघून गेली होती. पेढीचे मालक ओकाझाकी-सान ('सान' म्हणजे आपल्याकडचं 'जी') सत्तरीचे होते. त्यांनी संपदाला दोन दिवस मदतीला बोलावलं, दोनाचे दहा झाले.

जूनमध्ये राजीवने मुंबईला बदली मागून घेतली. तोवर ओकाझाकी-सानांनी संपदाला नोकरी देऊ केली होती, आणि नोकरीवर स्वतःच्या नावाचा व्हिसा मिळणार होता. राजीव दोन दिवस कोबेला येऊन राहिला. भांडण असं झालं नाही. तो म्हणाला, वर्षभर करून बघ, मग ये. ती म्हणाली, बघते. कस्तुरीची शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षी राजीव दोनदा आला. दुसऱ्या वर्षी एकदा. नंतर आला नाही. दुसरी बाई वगैरे काही नव्हतं. त्याला प्रमोशन मिळालं होतं, घरी म्हातारी आई होती, आणि कोबेला येणं हे त्याच्या कामांच्या यादीत दरवेळी खाली सरकत गेलं. दर रविवारी फोन मात्र यायचा.

पेढीत संपदा कागदपत्रांवरून हळूहळू मोत्यांच्या टेबलापर्यंत पोचली. उत्तरेच्या खिडकीखाली पांढऱ्या कापडावर मोती ओतायचे आणि रंग, चकाकी, वरच्या थराची जाडी बघत वेगळे करायचे. कोबेचे जुने लोक म्हणतात की इथला उजेड डोंगरावरून परतून येतो, म्हणून मऊ असतो आणि मोत्याचा खरा रंग दिसतो. गुलाबीत किंचित हिरवट छटा असलेला मोती तिला एका नजरेत कळायला लागला. ओकाझाकी-सान कौतुक करत नसत, पण अवघड माल तिच्याच टेबलावर ठेवत. मला ती एकदा म्हणाली होती, "आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी नीट येत होतं."

तिला इथेच राहायचं होतं. कायमचा रहिवासी म्हणून कार्ड मिळालं की व्हिसाची दर काही वर्षांची धाकधूक संपते, नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही. त्यासाठी दहा वर्षांचा सलग मुक्काम लागतो. संपदाचा हिशोब सोपा होता: २००६ ला आलो, २०१६ ला अर्ज.

मध्ये एक गोष्ट घडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिच्या आईला पक्षाघात झाला. महिनाभरासाठी म्हणून ती कस्तुरीला घेऊन पुण्याला गेली. आई पुढच्या एप्रिलमध्ये गेली, आणि तेरावं उरकून संपदा परतली तेव्हा एकशे सत्तावन्न दिवस झाले होते. त्या पाच महिन्यांत राजीव मुंबईहून पुण्याला फक्त चार रविवार आला. ओकाझाकी-सानांनी मात्र तिची जागा रिकामी ठेवली होती. तिला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही, की इतके दिवस सलग बाहेर राहिलं तर मुक्काम तुटला असं धरतात.

२०१४ मध्ये विवियन लाम कोबेला आली.

हाँगकाँगच्या लाम कुटुंबाचा मोत्यांचा मोठा व्यापार होता, आणि विवियन तिथल्या सुनेच्या नात्याने कोबेला शाखा उघडायला आली होती. पंचेचाळिशीची, शिडशिडीत, आखूड केसांची, लंडनला शिकलेली. इंग्रजी फर्डं, जपानी जेमतेम. ओकाझाकी-सानांकडे माल बघायला यायची आणि संपदाच्या टेबलासमोर बसायची. गॅसची नोटीस, नगरपालिकेचं पत्र, जे वाचता येणार नाही ते पर्समधून काढून पुढे ठेवायची. दोघी दुपारचं जेवण बरोबर घ्यायला लागल्या. इंग्रजी आणि जपानीची खिचडी करून बोलायच्या. संपदाच्या डब्यातली बटाट्याची भाजी तिला फार आवडायची.

विवियनकडे एक वही होती. तिच्यात ती जपानबाहेर काढलेले दिवस लिहायची. वर्षात शंभराच्या आत राहायचं, असं तिच्या वकिलाने बजावलं होतं. एके दिवशी वहीत आकडा टाकताना ती म्हणाली की आमच्याकडे ह्याला 'यी-मन-गाम' म्हणतात. कॅन्टोनीजमध्ये 'यी-मन' म्हणजे देशांतर आणि 'गाम' म्हणजे तुरुंग. कॅनडा असो, ऑस्ट्रेलिया असो, कार्ड मिळेपर्यंत त्या देशात जे दिवस काढावे लागतात ते दिवस म्हणजे शिक्षा. लोक एकमेकांना सरळ विचारतात, तुझे किती भोगून झाले, किती उरले. कार्ड हातात पडलं की सुटका, मग घरी परत. तिच्या मावशीने व्हँकुव्हरला तीन वर्षं भोगली होती, भावाने मेलबर्नला चार.

संपदा हसली. पण तो शब्द तिला आवडला नाही. ती ज्या देशात राहायला मिळावं म्हणून धडपडत होती, तो ह्या बाईचा तुरुंग होता.

दुसरा शब्द विवियनने नवऱ्याबद्दल सांगितला. मिस्टर लाम हाँगकाँगला राहून धंदा बघायचे आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी विमानाने यायचे. अशा माणसाला तिकडे 'थाय-हुंग-यन' म्हणतात. अर्थ अंतराळवीर, कारण कायम हवेत. पण 'थाय' म्हणजे बायको आणि 'हुंग' म्हणजे रिकामं असाही अर्थ निघतो. ज्याच्या घरात बायको नाही तो. हे सांगताना विवियनच्या चेहऱ्यावर दुःख होतं. संपदाला ते दुःख दिसत होतं, आणि तिला ते खोटं वाटत होतं. दर महिन्याला जिच्यासाठी माणूस समुद्र ओलांडून येतो, तिला कसली शिक्षा.

मिस्टर लाम बुटके, जाडसर, टक्कल पडलेले. दिसायला काही विशेष नाही. विवियनचा फ्लॅट आमच्याच गल्लीत होता; शुक्रवारी संध्याकाळी चढावरून त्यांची छोटी बॅग खडखडत यायची. शनिवारी दोघं चायनाटाउनात भाजी घ्यायला जायची; पिशव्या ते उचलायचे आणि विवियन मोकळ्या हातांनी पुढे चालायची. संपदाने एकदा समोरच्या फुटपाथवरून त्यांना पाहिलं. ते थांबून विवियनच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत होते, भर रस्त्यात, गुडघ्यावर बसून. मला हे सांगताना संपदा म्हणाली, "मी घरी आले आणि कस्तुरीवर विनाकारण ओरडले."

तिथून हेव्याला सुरुवात झाली. आधी तो कार्डाबद्दल नव्हताच.

जून २०१६ मध्ये संपदाने अर्ज केला. अर्जाबरोबर एक पत्र द्यावं लागतं, मला ह्या देशात कायम का राहायचं आहे ह्याचं. लोक ते वकिलाकडून लिहून घेतात. संपदाने स्वतः जपानीत तीन पानं लिहिली. खिडकीतला उजेड, कस्तुरीची शाळा, १९९५ च्या भूकंपात पडलेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं हे गाव, २०११ साली घाबरून आलेल्या बाईला इथे मिळालेली जागा, सगळं. शिवाय एक जामीन लागतो, जपानी माणूस किंवा कायमचा रहिवासी. ओकाझाकी-सान न विचारता तयार झाले. पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि एकच अक्षर दुरुस्त केलं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये नकार आला. ती इमिग्रेशनच्या खिडकीवर कारण विचारायला गेली. तरुण अधिकारी नम्र होता. त्याने पासपोर्टवरच्या तारखांवर पेन्सिल ठेवली: नोव्हेंबर ते एप्रिल. मुक्काम तिथे तुटला. दहा वर्षं आता एप्रिल २०१३ पासून मोजायची. आई आजारी होती, असं तिने सांगितलं. त्याने मान झुकवली आणि वाईट वाटतं म्हणाला, बस्स. ती खाली आली, समुद्राच्या बाजूला बाकावर बसली आणि राजीवला फोन केला. तो म्हणाला, "मग आता तरी ये परत. कशासाठी ओढतेयस?" मीटिंग होती म्हणून त्याने फोन लवकर ठेवला.

त्याच वसंतात नवा नियम आला. शिक्षण, पगार, अनुभव, हुद्दा ह्यांचे गुण धरायचे आणि ज्यांचे ऐंशी भरतील त्यांनी एका वर्षात कायमच्या रहिवासासाठी अर्ज करायचा. विवियनचे ऐंशीच्या वर भरत होते. संपदाने स्वतःचेही करून पाहिले, पन्नासला अडकले. जपानी येतं ह्याचे गुण मिळाले, पण मोत्याचा रंग ओळखता येतो ह्याला रकाना नव्हता.

जुलैच्या सुरुवातीला विवियन जेवताना म्हणाली, "माझं ते पत्र तू लिहिशील? तुझंच थोडं बदलून दे. मला असं काही सुचत नाही."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खरं कारण सांगितलं असतं तर पोटातलं सगळं बाहेर आलं असतं. म्हणून संपदाने दोन दिवसांत पत्र लिहून दिलं. मुलीच्या शाळेऐवजी धंदा घातला, २०११ च्या जागी २०१४. खिडकीतला उजेड तसाच ठेवला, भूकंपात पुन्हा उभं राहिलेलं गावही. विवियनने ते न वाचता, म्हणजे वाचता न आल्याने, पिशवीत टाकलं आणि मिठी मारली. जामीन म्हणून ओकाझाकी-सानांना विचारायचं होतं. विवियनने अर्ज आणि पत्र त्यांच्याकडे ठेवलं.

चार दिवसांनी ओकाझाकी-सानांनी संपदाला चहाला बोलावलं. पत्र समोर होतं. छान लिहिलंय, ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत त्यांनी विचारलं, "संपदा-सान, लाम-सानांना हे गाव खरंच असं वाटतं का?"

ती वाक्यं कुणाची आहेत हे त्यांनी ओळखलं असणार. त्यांनी तिची तीन पानं दोनदा वाचली होती. ती एवढंच म्हणू शकली असती की भाषा माझी आहे, भावना त्यांना विचारा. त्याऐवजी तिने हसत हसत, गंमत सांगावी तसा, यी-मन-गाम शब्द सांगितला. हाँगकाँगचे लोक इथल्या मुक्कामाला तुरुंग म्हणतात, कार्ड मिळालं की सुटका. शब्दशः खरं होतं. एकही अक्षर तिने पदरचं घातलं नाही.

ओकाझाकी-सान हसले नाहीत. १९९५ मध्ये त्यांची पेढी आणि धाकटा भाऊ एकाच सकाळी गेले होते. त्यांनी पत्राची घडी केली. "तुम्हीही असंच म्हणता का?" त्यांनी विचारलं.

"नाही," संपदा म्हणाली. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विवियनला कळवलं की वयामुळे आता कुणाला जामीन राहणं जमत नाही. जपानमध्ये असा नकार आला की कारण विचारायचं नसतं. विवियन गोंधळली. संपदाला म्हणाली की माझं काही चुकलं का, भेटवस्तू न्यायला हवी होती का. संपदा म्हणाली, "म्हातारे झालेत गं." आणि त्या संध्याकाळी ती मला जिन्यात भेटली तेव्हा एवढी खूश होती की मला वाटलं कस्तुरीचा काही निकाल लागला असेल.

तिला वाटलं होतं की निदान वर्षभर तरी विवियनचं अडेल. पण सहा आठवड्यांनी लीलावतीबेनचे यजमान जामीन राहिले. ऑगस्टच्या शेवटी अर्ज गेला.

नोव्हेंबरमध्ये विवियनच्या वडिलांची तब्येत बिघडली. त्या वर्षी तिचे चौऱ्याण्णव दिवस बाहेर झाले होते. निकाल कधीही येईल, आता वहीतला आकडा वाढवू नका, असं वकील म्हणाला. मिस्टर लाम रोज हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. विवियन पेढीत यायची, मोती बघायची आणि मध्येच रडायला लागायची. एकदा तिने संपदाला विचारलं, "तू असतीस तर गेली असतीस?"

संपदा गेली होती. एकशे सत्तावन्न दिवस. त्याची किंमत तिला माहीत होती, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा की जा, जाऊन बघ, तुझंही तुटू दे. तिने तो बोलून दाखवला नाही. ती म्हणाली की मला सांगता येणार नाही.

वडील वीस नोव्हेंबरला गेले. विवियन चार दिवसांसाठी जाऊन आली. कार्ड आलं बारा डिसेंबरला, बरोबर बावीस दिवसांनी. अर्ज जुलैमध्ये गेला असता तर ते नोव्हेंबरच्या आरंभी आलं असतं. संपदाने हे गणित त्याच दिवशी केलं. तिला वाटलं होतं की आता हेवा मरेल, पण तो अपराधाच्या शेजारी तसाच बसून राहिला. कार्डाचा फोटो पाहताना तिला रडणारी विवियन आठवली आणि त्याच क्षणी हेही वाटलं की माझ्या वाक्यांवर मिळालंय.

पुढच्या वर्षी विवियन हाँगकाँगला परत गेली. फ्लॅट ठेवला, वर्षातून दोन-तीनदा यायची. मिस्टर लामांचं हवेत राहणं संपलं. संपदा पेढीत राहिली आणि पुन्हा दिवस मोजत राहिली. २०१३ नंतर ती एकदाही दोन आठवड्यांपेक्षा जास्त भारतात राहिली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचली आणि तेरावं झाल्याबरोबर निघाली. राजीव विमानतळावर सोडायला आला नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत तर कुणी कुठेच गेलं नाही. त्या काळातच एका रविवारी त्याने फोनवर वेगळं होण्याचा विषय काढला, आवाज न चढवता, आणि तिनेही हो म्हटलं. २०२१ मध्ये ओकाझाकी-सान गेले. पेढी मुलाकडे आली.

एप्रिल २०२३ मध्ये दहा वर्षं भरली. आता जामीन कोण? ओकाझाकी-सानांच्या मुलाने सांगितलं की नोकरांसाठी सही न करण्याचं पेढीने ठरवलं आहे. लीलावतीबेन आणि यजमान मुलीकडे अँटवर्पला जाऊन राहिले होते. मी स्वतः व्हिसावर, माझी सही चालत नव्हती. संपदाला लोकांकडे मागायला जड जायचं. मे महिन्यात विवियन आली, तिला कळलं, आणि ती लगेच म्हणाली, "मी आहे ना. माझ्याकडे कार्ड आहे. आण फॉर्म."

संपदा शनिवारी दुपारी फॉर्म घेऊन तिच्या फ्लॅटवर गेली. सोय म्हणून तिने सगळे रकाने आधीच पेन्सिलीने भरले होते. जामीनदाराचं अर्जदाराशी नातं काय, ह्या रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं होतं. विवियनने चहा केला, चष्मा लावला, पेन हातात घेतलं.

"थांब," संपदा म्हणाली. "आधी एक ऐक."

तिने सांगितलं. चहा, पत्र, ओकाझाकी-सानांचा प्रश्न, तो शब्द. काही वगळलं नाही. विवियनने चहाचा कप बाजूला सरकवला. मग टेबलावर बोटं टेकवत ती काहीतरी मोजायला लागली. जुलै, ऑगस्ट. तिचं मोजणं वीस नोव्हेंबरला येऊन थांबलं असणार, कारण तिने पेनाला टोपण लावलं.

"का?" तिने विचारलं. "तुझा अर्ज नाकारला म्हणून?"

"ते होतं. पण तेवढंच नाही." संपदाला शब्द जपानीत सापडेनात, इंग्रजीतही नाही. शेवटी ती म्हणाली, "तुझा नवरा यायचा."

विवियनने पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "त्या उन्हाळ्यात मी आठ जणांकडे गेले. मिठाईचे डबे घेऊन. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी आहे, ज्याच्यामुळे हे लोक नाही म्हणतात." तिने पुढे सांगितलं, "बाबा शेवटच्या दिवशी मला विचारत होते, तुझी शिक्षा किती उरली."

संपदाने माफी मागितली. विवियनने मान हलवली, हो किंवा नाही असं काही त्यातून कळलं नाही. फॉर्म ठेवून जा, म्हणाली. दारापर्यंत सोडायला ती उठली नाही.

तीन आठवडे काही आलं नाही. संपदाने दुसरा जामीन शोधायलाही सुरुवात केली नाही. मला म्हणाली, मी मागू कुणाकडे आणि कोणत्या तोंडाने. जूनच्या मध्यावर पोस्टाने लिफाफा आला. आत फॉर्म होता, सही केलेला, सोबत विवियनच्या कार्डाची झेरॉक्स. चिठ्ठी नव्हती. पेन्सिलीचं सगळं शाईने गिरवलं होतं. फक्त नात्याच्या रकान्यातला 'मैत्रीण' शब्द खोडरबराने पुसून तिथे 'ओळखीची' लिहिलं होतं. जपानी कांजी अक्षरांतला तेवढा फरक विवियनने मुद्दाम शिकून घेतला असणार.

संपदाने तो फॉर्म मला दाखवला. दुसरा मागवून बदलून घे, असं मी म्हणणार होते, पण तोवर तिने तो परत लिफाफ्यात सरकवला होता. तिने तो तसाच दिला. ह्या वेळी पत्र नवीन लिहिलं, एक पान. जुनी वाक्यं वापरली नाहीत.

मार्च २०२४ मध्ये कार्ड आलं. कस्तुरी तोवर ओसाकाला नोकरीला लागली होती. तिला आईने फोन केला तर ती जपानीत अभिनंदन म्हणाली आणि रविवारी केक घेऊन आली. विवियनला संपदाने लांब मेसेज लिहिला. उत्तरात एक ओळ आली: बरं झालं. त्यानंतर नववर्षाला एकमेकींना कार्ड पाठवतात, तेवढंच. विवियन आता कोबेला आली तरी पेढीत दुसऱ्या मुलीच्या टेबलाशी बसून माल बघते. फेसबुकवर तिचे फोटो असतात, नवऱ्याबरोबर, नातवंडांबरोबर.

मी एकदा सरळ विचारलं, अजून वाटतो का हेवा. आम्ही बाजारातून चढावर येत होतो. संपदा म्हणाली, "वाटतो. फोटो बघितला की वाटतोच. आता मी फोटो पूर्ण बघते आणि मग फोन ठेवते, एवढा फरक."

कार्ड आल्यावर उन्हाळ्यात तिने पुण्याचं तिकीट काढलं. कितीही दिवस राहिलं तरी आता कुणी विचारणार नव्हतं. परतीची तारीख तिने ठेवलीच नाही. बहिणीकडे राहिली, भाच्यांना भेटली, आईच्या घराकडे एक चक्कर मारली. तिथे आता दुसरं कुटुंब राहत होतं. अकराव्या दिवशी सकाळी मी कचरा टाकायला खाली गेले तर ती बॅग ओढत चढावरून येताना दिसली. लवकर आलीस, मी म्हटलं. शरदातल्या मालाची निवड सोमवारपासून आहे, ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी बघून आज कागदाचा वार आहे, प्लास्टिकचा नाही, हे सांगून वर गेली.